खिडकीखालचा वाफा

"आधी डबा खाली धरा. मग पान हलवा," बायको आतून म्हणाली.

कंपाउंडरांनी आधी पान हलवलं. दोन तपकिरी भुंगेरे टपकन जमिनीवर पडले आणि पाल्यात शिरून दिसेनासे झाले. मग कंपाउंडरांनी डबा धरला.

"पडले?"

"पडले."

"डब्यात?"

कंपाउंडरांनी डब्यात डोकावून पाहिलं. अंधार पडायच्या आतली वेळ होती. याच सुमाराला भुंगेरे जमिनीतून वर येतात आणि पानांवर बसून निवांत जेवायला लागतात. कंपाउंडरांच्या हातात साबणाच्या पाण्याचा डबा होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि विजारीचा एक पाय चिखलानं भरला होता. खिडकीच्या आत पलंग, पलंगावर उशांना टेकून बसलेली ती. खिडकीच्या बाहेर सुतळ्यांवर चढायला लागलेले घेवड्याचे वेल. मधे फक्त खिडकीचा कट्टा. तिला तिथून सगळं दिसत होतं, आणि तीच तर कंपाउंडरांची पंचाईत होती.

"जन्मभर बाटलीत थेंब मोजून घातलेत," ती म्हणाली, "आणि आता एवढा मोठा डबा धरता येईना."

"थेंब उडून जात नाहीत."

ती हसली. हसता हसता खोकला आला आणि तो लवकर थांबेना. स्वयंपाकघरातून लेक पाण्याचा पेला घेऊन आली. खोकला थांबेपर्यंत कंपाउंडर डबा हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग पुन्हा वाकले, आणि या वेळी आधी डबा धरला.

त्यांना कंपाउंडर म्हणणं खरं तर आता चूकच होतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण वस्तीत त्यांना नावानं हाक मारणारं कोणी नव्हतं. दवाखान्यात डॉक्टर आले, बदलून गेले, नवे आले, काउंटरच्या मागे कंपाउंडर मात्र तेच. औषधावर या माणसाची फार श्रद्धा. घरात कोणी शिंकलं की हे कपाट उघडून उभे. दुखणं आलं की डोस द्यायचा, उतरलं नाही की डोस वाढवायचा, हा त्यांचा साधा हिशेब होता आणि बहुतेक वेळा तो बरोबर यायचा.

बायकोचं सगळं याच्या उलट. ती म्हणायची, अंगात जोर असला तर दुखणं येईल तसं जाईल, आणि जोर नसला तर तुमच्या बाटल्या तरी काय करणार? हा वाद लग्नाच्या पहिल्या वर्षी सुरू झाला. त्यात कोणी हरलं नाही की कोणी जिंकलं नाही. ती ताप आला तरी गोळी उशीखाली लपवायची आणि हे उशी उचलून बघायचे.

घर बांधलं तेव्हा मागची जागा म्हणजे नुसता राडारोडा होता. चुना, विटांचे तुकडे, फुटक्या कौलांच्या कपच्या. त्यात गवतसुद्धा धड येत नव्हतं. कंपाउंडर म्हणाले, फरशी घालून टाकू, कपडे वाळत घालायला बरं. बायको म्हणाली, थांबा जरा. आणि मग तिनं भाज्यांची देठं, चहाचा चोथा, चुलीतली राख असलं काय काय त्या जागेच्या तोंडात भरवायला सुरुवात केली. पानगळीच्या दिवसांत ती पोतं घेऊन रस्त्यावर जायची आणि लोकांच्या फाटकांसमोरचा पाला झाडून आणायची. डॉक्टरांच्या बंगल्यासमोरचासुद्धा. तिला असं वाकून पाला भरताना पाहिलं की कंपाउंडर सायकल वळवून दुसऱ्या गल्लीनं घरी यायचे. चारचौघांत मान खाली जायची त्यांची. तिला हे ठाऊक होतं. ती कधी त्यावर बोलली नाही, पाला मात्र आणत राहिली.

हळूहळू त्या राड्याची माती झाली. काळी, भुसभुशीत, हातात घेतली तर ओलसर आणि मूठ उघडली की विखरून जाणारी. भुंगेरे तिच्याकडेही यायचे, नाही असं नाही. पण ती त्यांच्यावर कधी काही फवारायची नाही. संध्याकाळी डबा घेऊन वेचायची. सकाळी वाफ्याच्या कडेची माती लांब दांड्याच्या काट्यानं उलथायची आणि बाजूला होऊन उभी राहायची. मग कुंपणावरून साळुंक्या उतरायच्या आणि उघड्या पडलेल्या अळ्या टिपून न्यायच्या. साळुंक्यांना तिची वेळ इतकी पाठ झाली होती, की तिला जरा उशीर झाला तर त्या कुंपणावर बसून बडबड करायच्या.

मातीत काही वेगळं सापडलं की ती ते आणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची. कंपाउंडर तिथे बसून सकाळचा चहा प्यायचे. पेल्याशेजारी कधी गोगलगाईचं कवच, कधी अंडी, कधी एखादा काळा चपळ भुंगेरा. "हा आपला आहे बरं का, मारू नका, हा अळ्या खातो." कंपाउंडर पेला उचलून दुसऱ्या टोकाला जायचे.

एकदा तिनं कट्ट्यावर एक मेलेली अळी ठेवली होती. हुमणीची, म्हणजे भुंगेऱ्यांच्या पोराची. एरवी ती पांढरी, लठ्ठ, अंग मुडपून पडलेली असते. ही लाकडासारखी ताठ झाली होती आणि तिच्यावर हिरवी बुरशी धरली होती.

"बघा," ती म्हणाली. "मी काही केलं नाही. मातीनंच मारली."

या एका वेळी कंपाउंडर चहा ठेवून वाकले. बोटानं ती अळी फिरवून फिरवून पाहिली.

"हिला रोग झालाय."

"तेच म्हणते मी. पण असला रोग मेल्या मातीत नसतो. माती जिवंत असावी लागते. तुमच्या दवाखान्यासारखं आहे, फक्त काउंटरवर कोणी नाही."

कंपाउंडरांना त्या दिवशी दोन शब्द कौतुकाचे बोलता आले असते. ते म्हणाले, "आधी ही इथून उचल."

गेल्या हिवाळ्यात तिला धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. मोठ्या इस्पितळात राहून झालं. कंपाउंडरांनी डोळ्यांत तेल घालून डोस सांभाळले, गोळ्या उशीखाली जाऊ दिल्या नाहीत. मग एक दिवस त्यांच्या जुन्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं, दार लोटलं आणि चहा मागवला. कंपाउंडरांना तिथेच सगळं कळलं. इतक्या वर्षांत कुठल्या डॉक्टरनं त्यांना खुर्चीवर बसवून चहा पाजला नव्हता.

"आता त्रास होणार नाही एवढं बघायचं," डॉक्टर म्हणाले. "त्यांना काय हवं-नको ते विचारा."

कंपाउंडरांनी घरी येऊन विचारलं. हवं-नको विचारायची सवय नव्हती, त्यामुळे जरा खेकसल्यासारखंच विचारलं गेलं.

"पलंग मागच्या खिडकीपाशी घ्या," ती म्हणाली. "आणि खिडकीखाली घेवडा लावा. माझ्या बाटलीतला. वेल वरपर्यंत जाताना बघीन म्हणते."

ती बाटली म्हणजे दवाखान्यातलीच तपकिरी बाटली. तिच्यावर अजून कंपाउंडरांच्या अक्षरातली चिठ्ठी होती, 'जेवणानंतर दोन चमचे, हलवून घेणे'. आत पांढऱ्यावर जांभळे ठिपके असलेलं घेवड्याचं बी होतं. हे बी तिला तिच्या आईकडून आलेलं. दर वर्षी ती त्यातलं थोडं लावायची, चांगल्या शेंगा वेलावरच वाळू द्यायची आणि नवं बी बाटलीत भरायची. असा घेवडा बाजारात कुठे मिळत नव्हता. तिनं कधी दुसरा लावलाही नाही.

बायकोचं दुखणं औषधानं हटत नाही म्हटल्यावर कंपाउंडरांच्या हाताला काही कामच उरलं नव्हतं. ते आता त्या वाफ्याला चिकटले. कोपऱ्यात तिच्या खताचा ढीग होता. तो त्यांनी उकरून पाहिला तर आत सालं सालंच होती, देठं देठंच. ती आजारी पडल्यापासून तो कोणी हलवला नव्हता, खालीवर केला नव्हता. असल्यानं काय होणार, कंपाउंडरांना वाटलं. वेल जोरात यायला हवेत, लवकर यायला हवेत. कमी पडतंय म्हटलं की डोस वाढवायचा. ते तडक दूध डेअरीवर गेले आणि मागच्या आवारातलं शेणखत हातगाडीवर घालून घेऊन आले. पोती रिकामी करताना त्यात त्यांना पांढऱ्या लठ्ठ अळ्या दिसल्या. एक नाही, पुष्कळ. आळसावून पडलेल्या.

त्या बघून कंपाउंडरांना आनंद झाला. मातीत जीव पाहिजे, जीव पाहिजे, असं बायको जन्मभर घोकत आली होती. हे घ्या जीव. एरवी तिनं कट्ट्यावर ठेवलेल्या असल्या गोष्टींकडे ते तोंड वाकडं करून बघत, त्यामुळे त्यातलं बरं कुठलं नि वाईट कुठलं, हे त्यांच्या कधी डोक्यात शिरलंच नव्हतं. दोन-चार अळ्या फरशीवर पडल्या, त्यासुद्धा त्यांनी कागदावर अलगद उचलून वाफ्यात नेऊन सोडल्या.

खिडकीतून ती बघत होती. बराच वेळ बघत होती. तिचे ओठ एकदा हलले, पण ती एवढंच म्हणाली, "बाह्या वर करा. शर्ट खराब होईल."

कंपाउंडरांनी बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत त्या खतात घातले. खत वाफ्यात सगळीकडे पसरलं, फक्त पाण्याच्या नळामागचा कोपरा तेवढा राहिला, कारण तिथवर ते पुरलं नाही. मग त्यांनी बाटली उलटी केली आणि सगळं बी पेरलं. खिडकी हिरवी गच्च भरायला हवी होती. एक बी हातातून निसटून नळामागे गेलं. ते त्यांनी वाकून तिथेच बोटानं खाली दाबलं.

घेवडा उगवला तेव्हा घरात आठवडाभर बरे दिवस होते. वेल सुतळीला कुठे लागले, कोण पुढे, कोण मागे, याची ती पलंगावरून पंचाईत करायची. लेक आपल्या घरून फोन आला की आईला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "आज दोन घास जास्त खाल्ले." मग भुंगेरे आले. कंपाउंडर डबा घेऊन उभे राहायला शिकले, आणि आधी डबा धरायचा हे एकदाचं त्यांच्या लक्षात राहिलं. पानांना भोकं पडली होती, पण वेल वर जात होते. एक शेंडा तर खिडकीच्या कट्ट्याला लागला.

त्यानंतर दोन दिवसांनी तो वेल मलूल झाला.

कंपाउंडरांना वाटलं पाणी कमी पडलं. त्यांनी पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी शेजारचे दोन वेल माना टाकून बसले. आणखी पाणी घातलं. संध्याकाळपर्यंत सगळी रांगच सुकत निघाली होती. त्यांनी एक वेल धरून हलकेच ओढला, आणि तो वाफ्यातून सरळ हातात आला. खाली मुळं नव्हतीच. दातांनी कुरतडल्यासारखं नुसतं बूड होतं. त्यांनी तिथली माती बोटांनी उकरली. त्यांचे ते पाहुणे तिथे होते, पांढरे, मुडपून पडलेले, आणलं तेव्हापेक्षा दुपटीनं लठ्ठ.

कंपाउंडर वाफ्याच्या कडेला खालीच बसले. खिडकीतून ते आता दिसणार नाहीत, एवढंच त्यांना बरं वाटलं.

सगळं एकदम लक्षात आलं होतं. ती खत वर्षभर का मुरू द्यायची, ढीग पुन्हा पुन्हा का हलवायची, डेअरीचं ताजं शेण तिनं फुकट मिळत असूनही कधी का घरात आणलं नाही. हे ती त्यांना कित्येकदा सांगून गेली असणार. त्या वेळी ते चहा पीत असणार.

लेकीला त्यांनी सांगितलं, पण सगळं नाही, फक्त अळ्यांचं सांगितलं. ती तडक बाजारात गेली आणि पिशवीतून एक डबा घेऊन आली.

"दुकानदार म्हणाला, बादलीत कालवून मुळाशी ओता. सकाळपर्यंत एक उरणार नाही."

कंपाउंडरांनी डब्यावरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचलं. विष ओळखायला त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

"यानं अळ्या मरतील," ते म्हणाले. "आणि गांडुळं, आणि ते काळे भुंगेरे. अळी टिपायला पाखरू आलं तर तेही."

"बाबा, आई रोज सकाळी डोळे उघडले की पहिलं खिडकीकडे बघते. तिला काय दाखवणार आहात तुम्ही? चार सुतळ्या?"

लेक आत गेली. कंपाउंडरांनी बादलीत पाणी घेतलं. डब्याचं झाकण उघडलं. माप त्यांनी सवयीनं अगदी बरोबर काढलं, मापाच्या रेघेवर डोळा आणून.

"अहो," खिडकीतून आवाज आला. "टाकलंत?"

"नाही अजून."

"मग नका टाकू. इकडे या."

ते माप हातात घेऊनच खिडकीशी गेले. ती उशांवरून जरा पुढे सरकून बसली होती. तेवढ्यानंही तिला धाप लागली होती.

"वेल जाताहेत गं," ते म्हणाले.

"दिसतंय मला."

"माझ्यामुळे जाताहेत. ते खत मी डेअरीच्या मागून आणलं. कच्चं होतं. त्यातच होत्या या. मी बघितल्या होत्या."

"बघितल्या होत्या?"

"मला वाटलं, तू म्हणतेस ना... मातीत जीव पाहिजे."

ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. आवाज न करता ती हसत होती, कारण आवाजाला दम पुरत नव्हता.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"कच्चं आहे ते. वास आला ना. खिडकी उघडीच होती."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

ती थोडा वेळ श्वास गोळा करत राहिली.

"एवढी वर्षं म्हणतेय, या जरा, हात लावून बघा. आलात कधी? त्या दिवशी बाह्या वर करून कोपरापर्यंत हात घातलेत. मी टोकलं असतं, तर हात धुऊन आत आला असतात. आणि परत उतरला नसतात. ओळखते मी तुम्हाला." ती थांबली. "एक हंगाम गेला तर जाऊ दे म्हटलं. माझ्यामागे या वाफ्याकडे बघणारं कोणी नको का?"

कंपाउंडर खिडकीच्या कट्ट्याला धरून उभे होते. माप तिरकं झालं होतं आणि त्यातली पूड त्यांच्या चपलेवर सांडत होती, त्याची त्यांना शुद्ध नव्हती.

"माती सावरेल," ती म्हणाली. "दोन-तीन वर्षं लागतील. रोज उलथा, पाखरं खातील. पाला घाला. पण ते विष घातलंत तर पुन्हा राड्यापासून सुरुवात." मग सहज विचारल्यासारखं तिनं विचारलं, "बी ठेवलंय ना मागं?"

कंपाउंडर चपलेवरची पूड झटकायला वाकले.

"अहो. मूठभर तरी ठेवलं असेल."

"खिडकी भरायला हवी होती," ते म्हणाले.

"सगळं?"

"सगळं."

तिनं मान वळवली आणि भिंतीकडे तोंड केलं. खताचं तिनं त्यांना माफ केलं होतं, कारण ते तिला आधीच ठाऊक होतं. हे ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी ती काही खायला उठली नाही, आणि लेकीनं विचारलं तेव्हा कंपाउंडरांनी पहिल्यांदाच तिला सगळं खरं सांगितलं. बादलीतलं पाणी त्यांनी मोरीत ओतून दिलं, पूड डब्यात भरून झाकण घट्ट लावलं.

सकाळी ते काटा घेऊन वाफ्यात उतरले. मेलेले वेल उपटले, माती उलथली आणि अळ्या वर काढल्या. मग बाजूला होऊन उभे राहिले. साळुंक्या कुंपणावर होत्या, पण या नव्या माणसाचा त्यांना भरवसा नव्हता. बऱ्याच वेळानं एक खाली आली, एक अळी उचलून पळाली. मग बाकीच्या उतरल्या.

"मागं सरका अजून," आतून आवाज आला. "तुम्हाला घाबरतात त्या."

कंपाउंडर मागे सरकले. ती पुन्हा बोलायला लागली, म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला. सरकता सरकता ते नळापर्यंत गेले, आणि तिथे त्यांना तो वेल दिसला. खत न पोचलेल्या कोपऱ्यात, तिच्या जुन्या मातीत, सुतळी नाही म्हणून नळाच्या पाइपाला धरून तो चढला होता. पानांना भोकं होती, पण बूड ताठ होतं.

त्यांनी खिडकीशी जाऊन सांगितलं. तिनं त्यांच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, खोटं बोलत नाहीत ना म्हणून.

"त्याच्या शेंगा तोडू नका," ती म्हणाली. "वेलावरच वाळू द्या. पार खुळखुळेपर्यंत."

तो वेल खिडकीतून दिसत नव्हता. पलंग हलवावा तर तिला हलवलेलं सोसत नव्हतं. म्हणून कंपाउंडर रोज येऊन तिला त्याची हकिगत सांगायचे. आज एवढा गेला, आज कळी धरली. एकदा न राहवून त्यांनी एक फूल तोडलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. ते जांभळट होतं.

तिनं ते उचललं, नाकाशी नेलं.

"एक शेंग घालवलीत कंपाउंडरसाहेब," ती म्हणाली. पण ते फूल तिनं मुठीतून सोडलं नाही. सुकून गेलं तरी चादरीवर तिच्या हाताशीच होतं.

मग बोलणं कमी होत गेलं. मग तिला खिडकीकडे मान वळवणंही जड जायला लागलं, तरी सकाळी साळुंक्यांचा कलकलाट सुरू झाला की ती डोळे मिटूनच म्हणायची, "आल्या." एका दुपारी लेक बाहेर कपडे वाळत घालत होती आणि कंपाउंडर पलंगाशी बसून चमच्यानं पाणी देत होते. पाणी ओठांच्या कडेनं परत आलं. त्यांनी चमचा पेल्यात ठेवला, टॉवेलनं तिचा गाल पुसला, आणि लेकीला हाक मारायच्या आधी थोडा वेळ तसेच बसून राहिले.

माणसं आली, बसली, गेली. प्रत्येकानं कंपाउंडरांना तब्येतीला जपायला सांगितलं आणि दोघा-तिघांनी जाता जाता खोकल्याला काय घ्यावं तेही विचारून घेतलं. घर मोकळं झाल्यावर लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही एकटे इथे काय करणार? चला माझ्याकडे. तिथे वरच्या मजल्यावर खोली आहे, उजेड छान येतो."

"खाली माती आहे?"

"वरच्या मजल्यावर कुठली माती?"

"बघू," कंपाउंडर म्हणाले. "शेंगा तर वाळू देत."

शेंगा वाळल्या. कंपाउंडर रोज एक धरून कानाशी हलवून बघत. ज्या दिवशी त्या खुळखुळल्या, त्या दिवशी सकाळी त्यांनी त्या खुडल्या, कट्ट्यावर सोलल्या आणि बी तपकिरी बाटलीत भरलं. बाटलीचं बूडही पुरतं झाकलं नाही. त्यांनी बूच लावलं. चिठ्ठी तशीच राहू दिली.

मग ते काटा घेऊन वाफ्यात गेले. आता ते न बघता उलथू शकत होते, काटा किती आत घालायचा ते हाताला कळत होतं. दोन-तीन अळ्या निघाल्या, त्या त्यांनी साळुंक्यांसाठी वरच ठेवल्या. पुढच्या ढेकळातून आणखी एक निघाली. ती मुडपलेली नव्हती. ताठ होती, आणि तिच्या अंगावर हिरवी बुरशी धरली होती.

कंपाउंडरांनी ती तळहातावर घेतली. बोटानं फिरवली. ती कडक होती. त्यांनी काही केलं नव्हतं.

"अगं, हे बघ," म्हणत ते खिडकीकडे वळले.

आत लेक पलंगावरची गादी गुंडाळत होती. बापाचा आवाज ऐकून तिनं वर पाहिलं. तिच्या हातातली दोरी तशीच राहिली.

कंपाउंडर खिडकीशी आले आणि त्यांनी ती अळी कट्ट्यावर ठेवली, जिथे त्यांचा चहाचा पेला असायचा त्याच्या शेजारी. पलंगावरून दिसेल अशी जरा आतल्या बाजूला सरकवली. मग ते परत गेले आणि काटा उचलून वाफ्यापासून दूर, नळापाशी जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं साळुंक्या खाली उतरल्या.